नोकरीची बातमी आणि नोकरीची हमी

गेल्या वेळी प्रश्नोत्तरांत एका मुलानं विचारलेला प्रश्न आज सविस्तर घेऊ. तो म्हणाला, ‘सर, लिंक्डइनवर पाचशे माणसं जोडली, तरी कुणी विचारत नाही. आणि शेजारचा मुलगा मामाच्या ओळखीनं चिकटला. मग हे ऑनलाइन प्रकरण बिनकामाचंच का?’ त्याच्या घरात पगारी नोकरी करणारा तो पहिलाच असणार होता. असा मामा त्याला नव्हता. त्यामुळे त्याच्या प्रश्नात थोडा राग होता, आणि तो रास्त होता.

सुरुवात मुंबईच्या गिरणगावापासून करू. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईत आला की आधी गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा. गिरणीत शिरायचं तर जॉबर गाठायचा. माणसं लावायची सत्ता जॉबरच्या हातात असायची, आणि तो माणसं आणायचा आपल्या नात्यागोत्यातली, गावातली. मालकाला हे सोयीचं होतं, कारण आणलेल्या माणसाबद्दल जॉबरला विचारता यायचं.

पण याच गिरण्यांत विणाई खात्यात दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि विटाळाच्या कल्पनेपायी सवर्ण कामगार त्यांना तिथे येऊ देत नसत. आणि विणाईतच मजुरी चांगली मिळायची. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. म्हणजे बघा, ज्या ओळखीनं एकाला दार उघडलं, तिनंच दुसऱ्याला ते बंद केलं. हे लक्षात ठेवा, आपण पुन्हा इथे येणार आहोत.

आता अमेरिकेत जाऊ. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. ‘नोकरी कशी कळली?’ असं त्यानं विचारलं. निम्म्याहून जास्त लोकांना ती माणसांकडून कळली होती. मग ज्याच्याकडून कळली, त्याची तुमची गाठ किती वेळा पडायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं म्हणणारे 16.7 टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, असं म्हणणारे 27.8 टक्के. उरलेले 55.6 टक्के या दोन्हींच्या मधले. ‘मित्रानं सांगितलं का?’ असं विचारलं की लोक त्याला दुरुस्त करायचे : मित्र नाही हो, नुसती ओळख. 1973 साली त्यानं हा विचार मांडला, आणि ‘कच्च्या धाग्यांची ताकद’ म्हणून तो गाजला.

असं का होतं? कारण तुमचा जिवलग मित्र तुमच्याच कट्ट्यावर बसतो. जे तुम्हाला ठाऊक, तेच त्याला ठाऊक. जुन्या कंपनीतला सहकारी किंवा वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी वेगळ्या जगात वावरते, म्हणून तिच्याकडची बातमी ताजी असते.

हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं ते 2022 साली. लिंक्डइनवर ‘ही माणसं तुमच्या ओळखीची असतील’ अशी यादी दिसते ना, ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या पद्धतीनं दाखवण्याचे प्रयोग पाच वर्षं झाले होते. संशोधकांनी दोन कोटी लोकांची माहिती अभ्यासून निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती मधली ओळख. अगदी घट्ट नाही आणि अगदीच उडतीही नाही. आणि ज्या क्षेत्रांत काम बरंचसं संगणकावर चालतं, तिथे कच्चे धागे जास्त उपयोगी ठरले. जिथे तसं नाही, तिथे घट्ट नात्यांचा उपयोग जास्त झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरीच्या वाटेवर दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक बातमी, दुसरी हमी. जागा कुठे आहे, काम काय आहे, कुणाला विचारायचं, ही बातमी. ती दूरच्या ओळखीतून आणि ऑनलाइन चांगली येते. ‘हा पोरगा मी पाहिलाय, कामाचा आहे’, ही हमी. ती तुम्हाला काम करताना पाहिलेला माणूसच देऊ शकतो. पाचशे अनोळखी माणसं तुमची हमी कशी देणार? त्या मुलाचं इथेच चुकत होतं. बातमीच्या साधनाकडे तो हमी मागत होता.

पण घट्ट नात्यांचं फार कौतुकही करू नका. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरमधल्या शाळांच्या मुलांचा अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढत होते. तरी कामगार जातींतले मुलगे मराठी माध्यमात आणि पुढे पारंपरिक कामांतच जात राहिले, कारण तिथे जातीची ओळख काम मिळवून देत होती. त्या ओळखीच्या जाळ्यात मुलींना आधीपासूनच जागा नव्हती. त्या मात्र वेगानं इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. आधार देणारी दोरी बांधूनही ठेवते, ती अशी.

मग म्हणाल, ओळख नकोच, फक्त अर्ज बघा. तेही इतकं सोपं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होती, आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. ज्याला आधीच कमी वाचलं जातं, त्याला हमी देणाऱ्या माणसाची गरज जास्त असते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, ऑनलाइन निरोप चार ओळींचा पाठवा, आणि नोकरी मागू नका, माहिती विचारा. ‘तुमच्या विभागात नव्या माणसाला काय यावं लागतं?’ याला उत्तर देणं सोपं असतं. दोन, उत्तर आलं की फोनवर बोला, जमलं तर भेटा, आणि सांगितलेलं केल्यावर कळवा. तुम्ही शब्द पाळता, हे त्या माणसाला दिसायला लागलं की हमी तयार होऊ लागते. तीन, आपले शिक्षक, जिथे उमेदवारी केली तिथले लोक, जुने सहकारी यांना सांगा की आपण काम शोधतोय. पुष्कळ जण लाजेपोटी नेमकं हेच सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट नोकरीत असलेल्यांसाठी. ओळख आणि वशिला यांत फरक आहे. ओळखीमुळे एकाचा अर्ज वाचला जातो, वशिल्यामुळे बाकीच्यांचे वाचलेच जात नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं नाव सुचवायचं झालं, तर भाच्याबरोबर आणखी एक नाव द्या. असं नाव, की ज्याला मामा नाही, पण ज्याचं काम तुम्ही पाहिलंय.

आता प्रश्न घेऊ.