दोन अणुथरांचा आडपडदा

स्वतः न खपता रासायनिक क्रियेची गती वाढविणारा जो उत्प्रेरक, त्याच्या धातूवर ऑक्साइडचे पटल चढले की तो निकामी झाला, असा शेरा रसायनशास्त्राच्या दप्तरात बरीच वर्षे कायम होता. आणि त्याला आधारही होता, कारण १९७८ साली रसायनशास्त्रज्ञ टॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम ऑक्साइडवर बसविलेले प्लॅटिनमसारखे धातू हायड्रोजनमध्ये ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले, तेव्हा वायू धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जवळजवळ लोपली, आणि खालचे ऑक्साइडच सायीसारखे धातूच्या कणांवर पसरते, हे त्याचे कारण पुढे उघडकीस आले.

तथापि हा शेरा सरसकट मान्य करण्याजोगा नाही. पटल दोनतीन अणुथरांचेच असले, म्हणजे खालच्या धातूतील इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या न्यायाने त्यातून आरपार जाऊ शकतात, आणि मग वर येऊन बसणाऱ्या अणूशी खरा व्यवहार पटलाआडून धातूच करीत असतो. चांदीच्या स्फटिकावर मॅग्नेशियम ऑक्साइडचे तीन थर चढवून त्यांवर सोन्याचे अणू सोडले, तर चांदीकडून आलेला ऋणभार घेऊन सोने चपट्या बेटांसारखे पसरते. थर आठ केले, की तेच सोने ढीग करून उभे राहते.

याहून उद्बोधक प्रकरण बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतले. प्लॅटिनमवरील लोहाचा एक व प्राणवायूचा एक, अशा दोनच अणुथरांचे पटल निर्वात पात्रात अगदी निष्क्रिय दिसते (केवळ त्या परीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्याने ते खुशाल नापास केले असते). परंतु वीसेक मिलिबार दाबाचा प्राणवायू सोडताच, धातूने पुरविलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर त्याचे रेणू दुभंगतात, लोह व प्लॅटिनम यांच्या मधोमधही प्राणवायूचा थर येतो, आणि दोनाचे तीन थर होतात. मोटारीच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड या पटलाचा वरचा प्राणवायू उचलून निरुपद्रवी होऊन निघून जातो, व रिकामी जागा हवेतला प्राणवायू भरून काढतो. १७७ अंशांच्या सुमारास, जेथे उघडे प्लॅटिनम त्याच विषारी वायूच्या गर्दीने गुदमरलेले असते, तेथे झाकलेले प्लॅटिनम अधिक जलद काम करते.

हे पटल टिकाऊ मात्र नव्हे. वायूंच्या मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड वरचढ झाला, की ते आखडून त्याच्या गुठळ्या होतात आणि प्लॅटिनम पुन्हा उघडे पडते. कारखान्यातील उत्प्रेरकाचे कण तर ओबडधोबड, आणि वायूंचे प्रमाणही सतत बदलणारे, त्यामुळे गुळगुळीत स्फटिकावर मिळालेला हा निर्वाळा तेथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.