बॅटरी ‘बसली’ म्हणण्याआधी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गाडी बाहेर काढली. विरारच्या फुलपाड्यात, पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच्या एका बिल्डिंगच्या आडोशाला ती जुलैपासून उभी होती. जुनी ट्रॅव्हलर, सीटा काढून आत दोन बाक, छोटा ओटा, फ्रिज आणि टपावर १६० वॅटची दोन सोलर पॅनेल. इंजिन एका किल्लीत सुरू झालं, कारण त्याची बॅटरी वेगळी. आतला संसार मात्र मुका. दिवे नाहीत, पंखा नाही, फ्रिज गप्प. बाकाखालच्या लिथियम बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर आकडा शून्य. शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याने दारातूनच निकाल दिला, ‘‘काका, बसली ती. नवीन घ्या.’’

‘बसली’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो शिशाच्या बॅटरीमुळे. घराघरांत इन्व्हर्टरखाली असते तीच ती, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी. ती जाते तीही सांगून-सवरून. आधी दिवा मंदावतो, पंखा रेंगाळतो, मग महिन्याभरात आटोपतं. लिथियमला ही कुरकुर माहीत नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत दिवे लख्ख आणि पुढच्या क्षणी अंधार. म्हणून माणूस घाबरतो आणि चाळीसेक हजारांच्या वस्तूला भंगारात काढायला निघतो.

आत नक्की काय असतं? गाड्यांमध्ये हल्ली बसवतात ती लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी म्हणजे ३.२ व्होल्टच्या चार सेलांची माळ, एकूण १२.८ व्होल्ट. या माळेवर पहारा देणारं एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. एखादा सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला, ३.६५च्या वर चढला, मागणी झेपेनाशी झाली किंवा तापमान हाताबाहेर गेलं की बीएमएस दार लावून घेतं. बाहेरून मोजणाऱ्याला शून्य दिसतं. दुकानाचं शटर खाली आहे म्हणून आतला माल गेला असं आपण धरत नाही. इथे मात्र सगळे तसंच धरतात.

माझं शटर कशामुळे पडलं याचा हिशेब कागदावर मांडला. इन्व्हर्टर काही चालवत नसला तरी नुसता जागा राहायला साधारण एक अँपिअर खातो. दिवसाला २४ अँपिअर-तास. माझी बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे चार दिवसांचं रेशन. वर पॅनेल आहेत, पण बिल्डिंगची सावली आणि विरारचा जुलै. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन कोपऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त घटतं, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. इन्व्हर्टरचं बटण चालू राहिलं ते माझ्याकडून. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

ऊन पडल्यावर बॅटरी आपोआप उठायला हवी होती, असं वाटेल. इथेच खरी गोम आहे. बरेचसे सोलर कंट्रोलर जागे होतात ते बॅटरीच्याच विजेवर. बॅटरीने दार लावलं की कंट्रोलर झोपतो, आणि कंट्रोलर झोपलेला असला की टपावर कितीही ऊन असो, ते दारापर्यंत पोचत नाही. अशा वेळी लिथियमसाठी बनवलेला, झोपलेल्या बॅटरीला उठवायची सोय असलेला चार्जर घरच्या विजेवर लावायचा आणि सुरुवातीला करंट कमी ठेवायचा. माझी दहा मिनिटांत उठली. पण पेटी फुगलेली असेल, किंवा सेल महिनोन्‌महिने दोन व्होल्टच्या खाली पडून असतील, तर हा प्रयोग घरी करू नये. तितक्या खाली गेलेल्या सेलच्या आत तांबं विरघळू लागतं आणि चार्जिंग करताना तेच घात करतं.

दुसरी जुनी सवय म्हणजे व्होल्ट बघून किती शिल्लक आहे ते सांगणं. शिशाच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२ म्हणजे तळाशी, हे चालतं. लिथियमचं पठार सपाट असतं. १३.२ व्होल्ट दिसले तर ती पाऊण भरलेली असेल, निम्मी असेल किंवा त्याहून कमीही. म्हणून येणारा-जाणारा करंट मोजणारा शंट लावतात. हा शंट म्हणजे चोख हिशेबनीस, पण त्याच्या डोळ्यांआड झालेला व्यवहार त्याला कळत नाही. कुणी फ्रिजची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीला जोडली, की मीटर ८० टक्के दाखवत राहतो आणि रात्री दूध नासतं.

इंडक्शनवर चहा टाकला की सगळं बंद पडतं, ही तक्रार तर नेहमीची. १५०० वॅट भागिले १२.८ म्हणजे सुमारे ११७ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून १३०च्या घरात. बीएमएस १०० अँपिअरचं असेल तर ते आपलं काम चोख करतंय. चहाला गॅस वापरावा, एवढंच.

भरताना मध्येच बंद पडत असेल तर आधी कंट्रोलरची सेटिंग बघावी. ती शिशाच्या बॅटरीची राहिली असेल तर मधूनमधून तो व्होल्ट १५च्या वर नेतो आणि बीएमएस हात आखडतं. लिथियमला १४.२ ते १४.४ पुरे. सेटिंग ठीक असूनही तसंच होत असेल तर चारातला एक सेल बाकीच्यांच्या पुढे पळतोय असं समजावं. त्यांना पुन्हा एका रांगेत आणायचं काम बीएमएस करतं, पण बऱ्याचशा बॅटऱ्यांत फक्त वरच्या टोकाशी आणि मुंगीच्या पावलांनी. पूर्ण भरल्यावर काही तास तिथेच राहू द्यावं. लेह-स्पितीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: शून्य अंशाखाली बॅटरी वीज देईल, पण तिला भरायचं नाही.

लिथियम म्हटल्यावर आमच्या भागात लोक दचकतात, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. देशभरातल्या अशा घटनांनंतर दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांचे नियम त्या डिसेंबरपासून कडक झाले. सगळी लिथियम रसायनं मात्र एका जातीची नव्हेत. आयर्न फॉस्फेट जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ साली जगापुढे आलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी यांचं आहे. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो सहजी सुटत नाही, म्हणून निकेल-कोबाल्टच्या मानाने ही बॅटरी भडकायला अवघड. अवघड, अशक्य नव्हे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि हौशी गाड्या वाढल्या. पण बाकाखालची वायरिंग कुणी, कशी केली हे गाडीमालकानेच उघडून बघायचं असतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ फ्यूज नसेल तर प्रवास पुढे ढकलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर बॅटरी उठली, दोन दिवस उन्हात गाडी ठेवून भरली आणि आम्ही निघालो. माणगावला जेवायला थांबलो तर फ्रिज पुन्हा बंद. पोटात गोळा आला. बॅटरीवर मोजलं, १३.२. मग फ्रिजच्या पिनेवर मोजलं, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या क्षणी: ११.४. एवढे व्होल्ट वाटेतच कुठेतरी गळत होते आणि वीज कमी म्हणून फ्रिज स्वतःच थांबत होता. वायर हाताने चाचपत गेलो. फ्यूजबॉक्सजवळचं एक थिंबल चटका बसेल इतकं तापलेलं. मेन स्विच बंद करून खोललं, तर पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. खारी हवा आणि दोन पावसाळे. समोरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने वायरचं टोक कापून नवीन थिंबल दाबून दिलं. वीस रुपये घेतले.