पदवीवर नाव, हातात खंजिरी

यवतमाळात एखाद्या घरी तीन पिढ्या पदवीधर असतील, तर त्यांचे कागद शेजारी शेजारी मांडून बघा. आजोबांचा कागद नागपूर विद्यापीठाचा, बाबांचा अमरावती विद्यापीठाचा, नातीचा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा. 1983च्या 1 मेला अमरावतीचं विद्यापीठ निघालं आणि जिल्हा तिकडे गेला. सोडून दिलेलं नागपूर विद्यापीठही 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं आहे. म्हणजे जिल्ह्याचं जुनं काय नि नवं काय, दोन्ही विद्यापीठं भरल्या गावाला एका सुरात गायला लावणाऱ्यांची! परदेशी विद्यापीठात गायकवृंद चालवायला पगारी प्राध्यापक ठेवतात. आपण अशा माणसांना थेट विद्यापीठच देऊन टाकलं.

आता गंमत. यातले एक शाळेत गेलेच नव्हते, दुसऱ्यांनी ती प्राथमिक इयत्तांतच सोडली.

गाडगेबाबा म्हणजे शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 1876. बालपण आजोळी, दापुऱ्याला गुरं राखण्यात गेलं. 1905 मध्ये घर सोडलं. अंगात चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, हातात गाडगं. सकाळी गाव झाडायचं, रात्री त्याच गावात कीर्तन. त्यांची साथ करायला समोर बसलेलं अख्खं गाव असायचं. बाबा प्रश्न टाकायचे, गाव उत्तर द्यायचं, त्या उत्तरातच बाबा गावाला पकडायचे. मग मध्येच गोपालाचा गजर, की पुढचा प्रश्न ऐकायला सगळे पुन्हा ताजे. मी म्हणतो, वृंदगायनाची याहून अवघड परीक्षा नाही. तालीम शून्य, आणि गाणाऱ्यांना आपण गाणार आहोत हे आधी ठाऊकही नाही!

त्या कीर्तनातला एक सल्ला असा, की जेवायचं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा. त्यांचं नाव पदवीवर यायला एवढं कारण पुरे. शिष्य मात्र त्यांनी एकही केला नाही. 1956च्या डिसेंबरात ते गेले. 1977च्या ‘देवकीनंदन गोपाला’ चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी त्यांची भूमिका केली.

तुकडोजी महाराज 1909 चे, अमरावतीजवळच्या यावलीचे. मूळ नाव माणिक. ‘तुकड्या’ हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलं. पुढे त्यांनी असंख्य भजनांत हीच छाप ठेवली. वाद्य काय, तर खंजिरी. पेटी वाहायला माणूस लागतो, खंजिरी पिशवीत मावते. ती 1942च्या धामधुमीत गावोगाव वाजली. त्याच वर्षी इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं. 1955 साली महाराज जपानमधल्या एका परिषदेला गेले, तिथेही भजन झालं.

पण त्यांचं खरं वृंदगायन म्हणजे सामुदायिक प्रार्थना. एखाद्या खेड्यात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळात जाऊन बसा, मग कळेल. दिवेलागणीला रांगा सरळ, पाठ ताठ, गप्पा बंद, आणि ज्याला सूर लागत नाही तोही सामील. जात-पात विचारायची नाही, आवाज कसा तेही नाही. 41 अध्यायांची ग्रामगीता लिहिणाऱ्या माणसाने गावाला आधी एकत्र बसायला शिकवलं, हे मला जास्त मोठं वाटतं. पंगतीत एकत्र बसणं सोपं असतं, तिथे वाढपी येणार असतो.

11 ऑक्टोबर 1968 ला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी महाराज गेले. दरवर्षी त्याच तिथीला, आश्विन वद्य पंचमीला, त्यांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात हजारो माणसं जमतात. त्यात यवतमाळकडचेही असतात. दिवसभर भजनं चालतात. घड्याळात 4:58 झाले, की खंजिरी थांबते, बोलणाऱ्यांचं वाक्य अर्ध्यावर राहतं, आणि तेवढा वेळ कुणीच गात नाही.