वजनपावती : छापते कशी, पुसते का?



गेल्या हंगामाच्या अखेरीस वाशी गटातील एक ज्येष्ठ सभासद माझ्याकडे आले. बिलात एक खेप कमी धरली आहे, अशी त्यांची तक्रार होती. "पावती आणली का, दादा?" असे विचारताच त्यांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकचे पाकीट काढले. पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. पण त्या खेपेची पावती उलगडून पाहतो तो कागद पांढरा! उजेडाकडे धरली, तेव्हा गाडीचा नंबर अंधुक दिसला. वजनाचा मात्र पत्ता नव्हता.

"सायेब, म्या तर जिवापाड जपली. आकडे गेले कुठं?"

कार्यालयातील नोंद पाहिली असता ती खेप पुढच्या पंधरवड्याच्या बिलात निघाली, म्हणून निभावले. नाहीतर दादांच्या हातात कोऱ्या कागदाशिवाय काय होते? २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे खरे, तरी एका खेपेचे मोल किती, हे सभासदांना सांगायला नको.

मी शेतकी पदविकेचा माणूस, विजेच्या कामातला नव्हे. पण ही गोष्ट मनाला लागून राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तंत्रनिकेतनात शिकणारा पुतण्या घरी आला, तेव्हा त्याच्याकडून एक छोटा थर्मल प्रिंटर आणि आर्डुइनो नावाचे कार्ड मागवले, आणि ओसरीवर बसून आम्ही दोघांनी जोडणी केली. त्यात जे उमजले ते येथे देत आहे.

शाईविना छपाई

या प्रिंटरला शाई नाही, फीतही नाही. करामत सगळी कागदात आहे. कागदाच्या एका बाजूस रंग देणाऱ्या आणि रंग उठवणाऱ्या रसायनांचा लेप असतो. उष्णता लागली की ती एकमेकांत मिसळतात आणि तेथे काळा ठिपका उमटतो. आमच्या प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर रुंद. त्यावर एका ओळीत ३८४ बारीक तापणारे ठिपके, म्हणजे मिलिमीटरला आठ. हवे तेवढेच ठिपके तापतात आणि अक्षर तयार होते. पावतीच्या गुळगुळीत बाजूवर नख जोरात ओढून पाहा, काळी रेघ उठेल.

तारांची जोडणी

नखाएवढ्या एका तुकड्यात अख्खा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर. तो प्रिंटरला अक्षरे एकदम देत नाही. गव्हाणीत ऊस जसा एकामागून एक सरकतो, तशी एकाच तारेतून एकेक खूण पाठवतो. यालाच 'सिरियल' जोडणी म्हणतात. कार्डाची पाठवणारी तार प्रिंटरच्या घेणाऱ्या टोकाला लावायची आणि दोघांची 'ग्राउंड' तार एक करायची. कामापुरते एवढे बस्स!

पण आमच्या तीन चुका झाल्या. पहिली वेगाची. कार्ड सेकंदाला ९,६०० खुणा पाठवत होते, प्रिंटर १९,२०० च्या वेगाने ऐकत होता. कागदावर नुसता अक्षरांचा काला! दोन्ही वेग एक केल्यावर शब्द उमटले.

दुसरी चूक विजेची. प्रिंटरला आम्ही कार्डातूनच वीज दिली. ठिपके तापवायला दीड-दोन अँपिअर लागतात, कार्डाची तेवढी ताकद कुठली? शेळीला नांगराला जुंपल्यासारखे झाले. अर्धी ओळ छापली की कार्ड बंद पडून पुन्हा सुरू होई. प्रिंटरला स्वतंत्र वीज दिली, तेव्हा छपाई ठळक आली.

तिसरी चूक होता होता वाचली. वजनकाट्याच्या आकडे दाखविणाऱ्या पेटीतून बहुधा 'आरएस-२३२' पद्धतीने आकडे बाहेर येतात. त्या तारेतील दाब उणे-अधिक असा फिरतो आणि पाच व्होल्टच्या कार्डाला थेट लावला तर कार्ड जळू शकते. मध्ये 'मॅक्स-२३२' सारखी बदल करणारी चिप लागते. पुतण्याने वेळीच हात धरला.

मराठी का छापत नाही, हेही तेव्हा कळले. अशा प्रिंटरमध्ये बहुधा इंग्रजी अक्षरांचेच साचे असतात. देवनागरी हवी तर अक्षराचे चित्र करून ठिपका-ठिपका पाठवावे लागते. करता येते, पण मेहनत आहे.

सभासदांनी काय करावे?

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रिंटर वजन करीत नाही, त्याला सांगितलेला आकडा तो छापतो. वजन होते काट्याखालील लोडसेलवर. म्हणून:

१) गाडी चढण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे ना, ते वाहनाबरोबरच्या माणसाने पाहावे.

२) पडद्यावरचा आणि पावतीवरचा आकडा जागेवरच ताडून पाहावा. छपाई फिकी असेल तर तेथेच दुसरी पावती मागावी.

३) तारीख, गाडी नंबर, भरलेले, रिकामे व निव्वळ वजन त्याच दिवशी शाईने वहीत उतरवावे. मोबाइलवर फोटो काढावा किंवा झेरॉक्स करून ठेवावी.

४) पावती ट्रॅक्टरच्या काचेपुढे, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. उष्णतेने कागद काळा पडतो, उजेडाने आणि तेलकट हाताने अक्षर उडते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातील द्रव्यही छपाई खाते. दादांचा घात बहुधा त्या पाकिटानेच केला. साधे कागदी पाकीट बरे.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे पुरवठ्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. बिल हाती येऊन खेप न् खेप जुळेपर्यंत पुरावा टिकलाच पाहिजे.

दादांनी आता शंभर पानी वही घातली आहे. नात शाळेतून आली की आकडे उतरवते. ज्यांना वहीचे रकाने कसे पाडावेत हे पाहायचे असेल, त्यांनी गट कार्यालयात येऊन भेटावे.

— ऊस विकास अधिकारी