घरी संगणक घेताना : स्वस्त प्रोसेसर कोणता, कोणत्या कामाला?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मध्यंतरी घरी आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. धाकट्या मुलीने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. घरी बसून इमारतींचे नकाशे काढून देण्याचे काम तिला मिळू लागले, म्हणून फंडाच्या पैशातून त्यांनी तिच्यासाठी एक जुना, पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला संगणक घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, हा सर्व्हरचा प्रोसेसर आहे. आठ कोअरचा. मोठमोठ्या कंपन्या हाच वापरतात." काका खूश झाले. पण घरी आल्यावर नकाशा जरा मोठा झाला की यंत्र रखडू लागले. मुलगी बिचारी काही बोलली नाही. शेवटी काकाच आम्हाला म्हणाले, "पैसे गेले ते गेले. चूक कुठे झाली, तेवढे तरी सांगा."

त्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांसाठी लिहीत आहोत. कारण अशी खरेदी आपल्या घरांत वारंवार होत नाही, आणि एकदा पैसे गुंतले की ते सहज सुटत नाहीत.

नावावर जाऊ नका

पहिली गोष्ट म्हणजे पेटीवरचे नाव हे मालाचे माप नव्हे. इंटेल कंपनीने १९९८ साली एप्रिलमध्ये सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यातली दुसऱ्या टप्प्याची कॅश काढून टाकली होती. कॅश म्हणजे कारागिराच्या हाताशी ठेवलेली हत्यारांची पेटी. ती नसली की प्रत्येक वेळी कोठारात खेपा घालाव्या लागतात. साहजिकच तो प्रोसेसर मंद ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ केबी कॅश चिपमध्येच बसवली होती, आणि हा स्वस्त प्रोसेसर पुष्कळ कामांत महागड्या पेंटियम टू च्या जवळ जाऊन पोहोचला. नाव तेच, पण चार महिन्यांत माल पार बदलला. म्हणून नुसते 'सेलेरॉन', 'आय थ्री' किंवा 'झिऑन' ऐकून भागत नाही. पुढचा पूर्ण आकडा विचारावा लागतो.

कोअर म्हणजे कामगार

काकांनी घेतलेला प्रोसेसर होता झिऑन ई५-२६७०. हा २०१२ सालचा. आठ कोअर, ११५ वॉट. आपल्या काळात उत्तम होता, यात शंका नाही. पण कोअर म्हणजे कामगार समजा. भिंत बांधायला आठ माणसे लागली तर काम लवकर होते. एकच पत्र लिहायचे असेल तर आठ जण बसून काय करणार? ऑटोकॅडसारख्या नकाशाच्या कामाचे बरेचसे ओझे एकाच कोअरवर पडते. तिथे एका कामगाराचा हात किती चपळ, हे महत्त्वाचे. २०२२ साली आलेला इंटेलचा आय३-१२१०० फक्त चार कोअरचा आहे, पण त्याचा एकेक कोअर त्या जुन्या झिऑनच्या साधारण दुप्पट वेगाने काम उरकतो. आठापेक्षा चार मोठे ठरतात ते असे.

याउलट व्हिडिओ तयार करणे, किंवा इमारतीचे हुबेहूब रंगीत चित्र संगणकाकडून काढून घेणे, या कामांत सगळे कोअर राबतात. तिथे एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर उपयोगी. त्यात सहा कोअर आहेत आणि तो ६५ वॉटचा आहे.

एका अक्षराचा फरक

आकड्यामागचे अक्षरही नीट पाहावे. आय३-१२१०० मध्ये पडद्यावर चित्र उमटवण्याची सोय आतच आहे. आय३-१२१००एफ मध्ये ती नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहील. रायझनमध्ये याच्या उलट. ५६००जी मध्ये सोय आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. पेटी थोडी स्वस्त दिसते आणि मग कार्डापायी दुप्पट खर्च होतो, असे आम्ही पाहिले आहे.

अभ्यासिकेचा सर्व्हर

आता दुसरी गरज पाहू. पुष्कळ वस्त्यांत मुलांची अभ्यासिका असते. आठ-दहा संगणक असतील, तर प्रश्नपत्रिका, पुस्तके, व्याख्यानांचे व्हिडिओ एका जागी ठेवून सगळ्यांना वापरता यावेत, एवढीच अपेक्षा असते. यालाच सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधे आहे. त्याला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, अवघ्या ६ वॉटचा प्रोसेसर या कामाला पुरतो. मात्र नकाशे किंवा व्हिडिओच्या मोठ्या कामाला तो घेऊ नये.

इथे विजेचा हिशेब करून पाहा. सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतो. जुने यंत्र सरासरी १०० वॉट खात असेल, तर ३० दिवसांत ७२ युनिट होतात. एन१०० चे यंत्र डिस्कसकट २० वॉट धरले, तर साडेचौदा युनिटही होत नाहीत. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला पावणेसहाशे रुपयांचा, म्हणजे वर्षाला सुमारे ६,९०० रुपयांचा फरक पडतो. शिवाय घरगुती वापर महिन्याला १०० युनिटांच्या पुढे गेला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. स्वस्तात मिळालेले जुने यंत्र असे मीटरमधून आपली किंमत वसूल करते.

जुन्या झिऑनची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. तो ईसीसी मेमरी चालवतो, म्हणजे मेमरीत एखाद्या बिटाची चूक झाली तर ती आपोआप सुधारली जाते. पतसंस्थेचे हिशेब ठेवायचे असतील तर ही सोय मोलाची आहे. एन१०० किंवा ५६००जी घेताना ती मिळेल असे धरून चालू नका. पण ईसीसी असो वा नसो, दुसऱ्या डिस्कवर रोजची नक्कल हवीच. डिस्कच बिघडली, तर कोणताही प्रोसेसर ती माहिती परत आणत नाही.

दुकानात जाण्याआधी

प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि साल कागदावर लिहून मागा. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स चालते, पण आपले काम त्यावर होईल का, ते आधी पाहा. मेमरी नकाशांसाठी १६ जीबी असावी. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण एसएसडी डिस्क सोडू नका.

काकांचे यंत्र दुकानदाराने परत घेतले, पण पुष्कळ पैसे कापून. कमी पडलेली रक्कम मुलीने दोन नकाशांच्या कमाईतून घातली आणि आय३-१२१०० चे यंत्र घरी आले. नंतर आम्ही तिला विचारले, "तू आधी का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलेच नाही. बाबांना मला चकित करायचे होते."

बाप मुलीसाठी पोटाला चिमटा घेतो, हे आम्ही जाणतो. पण यंत्रासमोर जिला बसायचे आहे, तिला विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पुढच्या वेळी दुकानात जाताना तिलाच पुढे घाला.