फ्रँकमध्ये की रुपयांत? परदेशात क्रेडिट कार्ड वापरण्याआधी

ल्युसर्नमधल्या एका दुकानात मी भाच्यासाठी घड्याळ घेतलं. किंमत २०० स्विस फ्रँक. काउंटरवरच्या मुलीने मशीन माझ्याकडे वळवलं. पडद्यावर दोन आकडे होते, वर फ्रँकमधला आणि खाली रुपयांतला. आठ दिवस प्रत्येक किमतीचा मनात गुणाकार करून डोकं शिणलेलं. रुपये दिसले तसं बरं वाटलं आणि मी खालचं बटण दाबलं. ते बटण महाग पडतं, हे घरी येऊन हिशोब मांडल्यावर कळलं. तोच हिशोब आपल्यापुढे ठेवतो.

आधी कार्ड घासल्यावर काय घडतं ते पाहू. दुकानदाराची बँक परकीय चलनातली रक्कम व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यामार्फत आपल्या बँकेकडे मागते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल, तर ते आपल्या त्या दिवसाच्या दराने रक्कम रुपयांत बदलतात. हा दर बाजारातल्या ठोक दराच्या बराच जवळ असतो आणि दोघांच्याही संकेतस्थळांवर तो पाहता येतो. मात्र अंतिम दर बऱ्याचदा व्यवहार बँकेत जमा होतो त्या दिवसाचा लागतो, खरेदीच्या दिवसाचा नाही. म्हणून मोबाइलवर आलेल्या संदेशातली रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम यांत थोडा फरक पडू शकतो. तेवढ्याने घाबरू नका.

यानंतर आपली बँक स्वतःची टक्केवारी लावते. तिला फॉरेक्स मार्कअप म्हणतात, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँकेने आकारलेलं शुल्क. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर ते ३.५ टक्के असतं, काहींवर २ टक्क्यांच्या आसपास, तर काही थोड्या कार्डांवर शून्य. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे ३.५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात.

सोपं जावं म्हणून एक फ्रँक म्हणजे १०० रुपये धरू. घड्याळाचे झाले २०,००० रुपये. त्यावर ३.५ टक्के मार्कअप ७०० रुपये आणि त्या सातशेवर जीएसटी १२६ रुपये. एकूण २०,८२६. वरचं बटण दाबलं असतं, तर इतके गेले असते.

आता खालचं बटण. दुकानातच रुपयांत रूपांतर करून देण्याच्या या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी, म्हणतात. इथे दर व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो. तो दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि आपला नफा त्यातच मिसळते. समजा तिने ५ टक्के चढवले, तर पडद्यावर २१,००० रुपये दिसतील. रुपयांतच पैसे दिले म्हणजे आपली बँक काही घेणार नाही, असं मलाही वाटलं होतं. पण व्यवहार परदेशातला असल्यामुळे अनेक बँका रुपयांतल्या रकमेवरही शुल्क लावतात, साधारण १ टक्का आणि त्यावर जीएसटी. म्हणजे आणखी २४७ रुपये ८० पैसे. एकूण २१,२४७.८०. एकाच घड्याळावर चारशेहून जास्त रुपये वाया.

ज्यांच्याकडे शून्य मार्कअपचं कार्ड आहे त्यांचं नुकसान तर याहून मोठं. वीस हजारांतच भागणारी खरेदी त्यांनाही रुपयांचं बटण दाबल्यावर एकवीस हजारांच्या पुढे पडते. चांगलं कार्ड मुद्दाम शोधून घ्यायचं आणि मशीनपाशी त्याचा फायदा सोडून द्यायचा, याची मला फार हळहळ वाटते.

म्हणून मशीन हातात आलं की ज्या देशात आहात त्या देशाचं चलन निवडा. हॉटेलात किंवा रेस्टॉरंटमध्ये पुष्कळदा वेटरच न विचारता रुपये निवडून मोकळा होतो. पावतीवर रुपयांतला आकडा, विनिमयाचा दर आणि ‘चलनाचा पर्याय मला दिला होता’ अशा अर्थाची बारीक ओळ दिसली, तर सही करू नका. व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा घ्यायला तिथेच सांगा. रद्द केल्याची पावती मात्र जपून ठेवा.

एटीएमवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ अशी दोन बटणं दिसतात. नाकारलं तर पैसेच निघणार नाहीत, या भीतीने बरेच जण स्वीकारतात. तसं नसतं. नाकारल्यावरही नोटा निघतात, फक्त दर आपल्या कार्डाच्या जाळ्याचा लागतो. अर्थात, क्रेडिट कार्डावर रोकड काढूच नका. अनेक कार्डांवर रोकड काढण्याचं शुल्क २.५ टक्के, किमान ५०० रुपये, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत इथे नसते. वर मार्कअप आहेच. रोख रकमेसाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, किंवा थोड्या नोटा बऱ्या.

हे सगळं टाळायची तयारी घरूनच होते. बँकेच्या संकेतस्थळावर आपल्या कार्डाच्या शुल्कांचा तक्ता उघडा आणि मार्कअपची ओळ शोधा. रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचं शुल्क वेगळ्या ओळीत असतं, तेही पाहा. मग ॲपमध्ये परदेशी वापर चालू करून मर्यादा ठरवा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानंतर नवीन कार्डांवर ही सोय आपण सुरू करेपर्यंत बंदच असते. पहिलं बिल देताना कार्ड नाकारलं गेलं, की कारण बहुधा हेच निघतं. बँकेत नोंदवलेलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी मिळणार नाही. पिनही पाठ हवा. स्टेशनवरच्या तिकीट यंत्रापाशी सहीचा उपयोग नाही.

हॉटेलात शिरताना काउंटरवर कार्ड मागतात आणि काही रक्कम अडवून ठेवतात. ती खर्च झालेली नसते, पण तेवढी मर्यादा कमी होते. ती सुटायला कधी कधी काही दिवस लागतात, तेव्हा मर्यादेत थोडी जागा राखून निघा.

घरबसल्या केलेल्या खरेदीतही रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचं शुल्क लागू शकतं. संकेतस्थळावर किंमत रुपयांत असली, तरी पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल, तर तोच १ टक्का बिलात येऊ शकतो. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांत तो सहसा लक्षातही येत नाही.

परदेशातल्या खर्चावर आधीच वसूल होणाऱ्या कराबद्दल हमखास विचारलं जातं. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च परदेशात पैसे पाठवण्याच्या मर्यादेत, म्हणजेच या कराच्या कक्षेत, धरायचं मे २०२३ मध्ये ठरलं होतं. २८ जून २०२३ ला सरकारने ते पुढे ढकललं. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च मात्र त्या मर्यादेत धरला जातो.

परत आल्यावर पावत्या घेऊन स्टेटमेंटसमोर बसा. मार्कअप आणि जीएसटी बऱ्याचदा खरेदीच्या ओळीत नसतात. ते खाली स्वतंत्र ओळींत, काही वेळा पुढच्या महिन्याच्या बिलात येतात. वस्तू परत केली असेल, तर परतावा परतीच्या दिवसाच्या दराने येतो आणि मार्कअप बहुतेक वेळा परत मिळत नाही. न विचारता रुपयांत कापलेला व्यवहार सापडला, तर पावती जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बँकेच्या सेवेबद्दलच्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत.