५ किलोचं छप्पर, ६५ किलोचं छप्पर

अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा एका चौरस मीटरला साधारण ५ किलो भरतो. मंगलोरी कौलं, खालच्या रिपांसकट, ६५ किलो. हा दुसरा आकडा इमारतींवरचे भार ठरवणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकातला आहे. काम एकच, ऊन-पाऊस डोक्याबाहेर ठेवायचं, आणि वजनात तेरापट फरक.

उज्जैनला माझा मावसभाऊ देवास रोडच्या बाजूला घर बांधतो आहे. तळमजल्यावर स्लॅब आहेच, पण वरच्या मजल्याला त्याला उतरतं छप्पर हवं आहे. त्याचं लहानपण कार्तिक चौकातल्या कवेलूच्या घरात गेलं. माळव्यात कौलाला कवेलू म्हणतात आणि शिंद्यांच्या काळापासून तिथे राहिलेली मराठी माणसंही तोच शब्द वापरतात. मावशीचं मत पक्कं आहे: "कवेलूच टाका, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो." ठेकेदार पत्र्याचा आग्रह धरून बसला आहे. भावाने मला फोन करून एकच विचारलं, "दादा, पत्रा टाकला तर मे महिन्यात दुपारी वरच्या खोलीत बसता येईल का?"

म्हणून हिशेबाला बसलो. छपराखालची जागा १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर धरली. बाजारातले दर दर महिन्याला हलतात, किलो आणि मीटर हलत नाहीत, म्हणून सगळा हिशेब किलो-मीटरमध्येच केला.

आधी ऊन. उज्जैन २३.१८ अक्षांशावर, कर्कवृत्ताला अगदी खेटून आहे. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य डोक्यावरून जेमतेम पाव अंश ढळलेला असतो. सवाई जयसिंगाने बांधलेल्या वेधशाळेत त्या दिवशी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, ती पाहायला लोक जमतात. निरभ्र दुपारी असं सरळ ऊन चौरस मीटरला साधारण १,००० वॉट उष्णता ओततं. आपल्या छपरावर ९३ किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे साडेसतरा एसींना पुरेल एवढं काम सूर्य एकटा छपरावर टाकतो. त्यातलं बरंचसं छप्पर वाऱ्याला आणि आभाळाला परत देतं. उरलेलं खोलीत उतरतं, आणि किती उतरतं यावर सगळा वाद आहे.

इथे मला पहिला धक्का बसला. लाल मातीचं कौल अंगावरच्या उन्हापैकी फक्त एक तृतीयांश परतवतं आणि बाकीचं पिऊन टाकतं. नवाकोरा जस्ती पत्रा ६० टक्क्यांच्या आसपास परतवतो. म्हणजे ऊन परतवण्यात पत्रा पुढे आहे. पण तापलेलं कौल आपली उष्णता आभाळाकडे भराभर सोडतं आणि उघडं जस्त त्याच्या पाव हिश्श्यानेही सोडत नाही. शिवाय पत्रा धुळीने आणि गंजाने मळत जातो. दोन्ही गोष्टी जमेस धरल्या तर उन्हापुरते दोघे जवळजवळ सारखेच. खरा वेगळा निघतो तो पांढरा रंग दिलेला पत्रा. तो ७० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही कौलासारखीच मोकळेपणाने सोडतो.

दुसरा धक्का उष्णता अडवण्याच्या आकड्यांत होता. घरांसाठीच्या ऊर्जा संहितेत, २०१८ च्या इको-निवास संहितेत, छपरासाठी एक मर्यादा आहे: आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसत्या पत्र्याचा हा आकडा काढला तर ४.८ च्या आसपास येतो. १५ मिलिमीटर जाडीच्या कौलाचा ४.४. मावशीचं लाडकं कवेलू आणि तिला नकोसा पत्रा यांच्यात अंतर एवढंच, आणि मर्यादेच्या जवळपास चौपट दोघेही.

मग ते जुनं घर थंड कसं राहायचं? मावशीचा अनुभव खोटा नाही. त्या घराच्या कौलांखाली माळा होता. उन्हाची झळ माळ्यावर अडायची आणि शेकडो कौलांच्या फटींतून तापलेली हवा आढ्याकडून निघून जायची. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या होत्या. आपण सगळं श्रेय कौलाला दिलं, पण काम माळ्याने आणि फटींनी केलं होतं. हल्ली उतरत्या स्लॅबवर सिमेंटमध्ये कौलं चिकटवायची पद्धत पडली आहे. त्यात खालून वाहणारी हवाच उरत नाही, आणि कौल छपराचं काम सोडून फरशीचं काम करतं. दिसायला छान दिसतं, पण गारव्यासाठी कोणी त्यावर पैसे घालू नयेत.

आता उलट हिशेब. त्याच पत्र्याखाली काचलोकरीचा किंवा रॉकवूलचा २५ मिलिमीटरचा थर घातला की ४.८ चा आकडा १.२ वर येतो. ५० मिलिमीटर घातला की ०.७. खालच्या लोखंडी पट्ट्यांतून थोडी उष्णता चोरवाटेने येतेच, म्हणून मी ५० सांगतो. दोन इंचांचा तो थर जे करतो ते पत्रा आणि कौल यांच्यातली कोणतीही निवड करू शकत नाही. भावाला मी पहिलं वाक्य हेच बोललो: वर काय टाकतोस ते मग ठरव, खाली काय घालतोस ते आधी सांग.

रात्रीचंही पाहायला हवं, कारण माळव्याची रात्र ही माळव्याची खरी दौलत आहे. शब-ए-मालवा उगाच म्हणत नाहीत. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो आणि दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीनंतरही खोलीत सोडत राहतो. एका चौरस मीटरला १ अंश तापवायला स्लॅबला साधारण २७५ किलोज्यूल लागतात, कौलांना ३४, पत्र्याला अडीचसुद्धा नाही. सूर्य कलला की पत्रा निवतो, कौल त्याच्या मागोमाग. वरच्या मजल्यावर झोपायचं असेल तर स्लॅबपेक्षा दोन्ही बरे. फक्त हिवाळ्यात स्वयंपाकघराची वाफ उघड्या पत्र्याला लागली तर पहाटे आतून थेंब गळतात. थर आणि खाली छत असलं की हेही मिटतं.

उन्हानंतर वारा, आणि इथे मात्र फरक खरा आहे. भोपाळसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. हिशेबाला तोच घेतला तर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास निघतो. छपरावर तो दाबत नाही, वर ओढतो. उतार कमी असला तर ही ओढ ७५ किलोपर्यंत सहज जाते, कडेला त्याहून जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन ५ किलो. उरलेली ७० किलोंची ओढ सगळी स्क्रूंवर. कौलं स्वतःच्या वजनाने बऱ्याच अंशी टिकतात आणि फटींतून वारा जाऊ देतात. कडेच्या दोन रांगा तेवढ्या तारेने बांधाव्या लागतात. २८ मे २०२३ ला उज्जैनमध्ये जे वादळ आलं, त्यात महाकाल लोकमधल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या फायबरच्या, आतून पोकळ होत्या. त्यामुळे हलकी वस्तू वाऱ्यात कशी उचलली जाते हे उज्जैनकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पत्र्याच्या स्क्रूंना आणखी एक रोजचा त्रास आहे. ६ मीटर लांबीचा पत्रा रात्री २५ अंशांवर आणि दुपारी ७० अंशांवर गेला की ३ मिलिमीटरच्या वर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. उन्हाळाभर रोज. भोकं हळूहळू मोठी होतात, स्क्रूखालचा रबरी वॉशर कडक होऊन चिरतो, आणि चार-सहा वर्षांनी पहिली गळती तिथूनच सुरू होते. पत्रा गळतो असं आपण म्हणतो, गळतो तो वॉशर. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, आणि वॉशर चांगले घ्यायचे. संपूर्ण छपराच्या खर्चात ही रक्कम नगण्य आहे.

जाडी सगळे विचारतात, जस्त कोणी विचारत नाही. दुकानदार २४ गेज, २६ गेज बोलतो. तुम्ही मिलिमीटर विचारा, आणि तेही मुलामा धरून की मुलाम्याशिवाय ते विचारा. पुढचा प्रश्न जस्ताचा. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेला पत्रा बाजारात मिळतो आणि २७५ ग्रॅमचाही. १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूला ८ मायक्रॉन, २७५ म्हणजे १९. समुद्रापासून लांबच्या साध्या हवेत वर्षाला १ मायक्रॉनच्या आसपास झीज धरली तर एकाचं जस्त ८ वर्षांत संपतं, दुसऱ्याचं १९. हाच पत्रा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नेला तर खारी हवा तो कित्येक पटींनी लवकर खाते. माळव्याची कोरडी हवा पत्र्याच्या बाजूची आहे, आणि हा फायदा उज्जैनकराने घ्यायला हवा.

कौलांचा लपलेला खर्च सांगाड्यात असतो. कौलाला ३० अंशांचा उतार द्यायचा म्हटलं की ९३ चौरस मीटरचं छप्पर १०७ होतं. चौरस मीटरला १५ या हिशेबाने १,६०० कौलं आणि रिपांसकट ७ टन वजन. दर ३२ सेंटिमीटरला एक रीप म्हणजे ३३० मीटरच्या वर रिपाच. पत्र्याला १० अंशांचा उतार चालतो, वजन ५०० किलोच्या आत राहतं आणि आडव्या पट्ट्या ७० मीटरमध्ये भागतात. भावाला ठेकेदाराने कौल आणि पत्रा यांच्या दरांची तुलना दिली होती, रिपांची नाही. मात्र हलकं छप्पर घेतलं म्हणून पाया स्वस्तात उरकता येईल, हा समज माळव्याच्या काळ्या मातीत धोक्याचा आहे. ती माती पावसाळ्यात फुगून घर वर ढकलते, आणि हलक्या घराला जास्त ढकलते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९३ चौरस मीटरवर ८३,७०० लिटर पडतं. छतावरचं पाणी साठवायच्या हिशेबात पत्र्याचं ९० टक्के पाणी हाती येतं असं धरतात, कौलांचं ७५. फरक साडेबारा हजार लिटर. उन्हाळ्यात गंभीर धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात हा फरक मला मोठा वाटतो.

एवढं सगळं पत्र्याच्या बाजूने झुकत असताना मी गेल्या मे महिन्यात कार्तिक चौकात शाकारणी पाहायला मुद्दाम थांबलो. कारागीर साठीच्या पुढचे होते. अनवाणी चढले, पाय टेकायच्या जागी दुमडलेलं गोणपाट टाकत टाकत आढ्यापर्यंत गेले, आणि तिथून एकेक कवेलू उचलून बोटाच्या पेराने वाजवत खाली येऊ लागले. खणखणीत वाजलं की पुन्हा जागेवर, बद्द वाजलं की टोपलीत. बद्द वाजणाऱ्या कौलाला डोळ्यांना न दिसणारी चीर असते. दोन पाखी तपासायला त्यांना दोन दिवस लागले. टोपलीत गेलेल्या कौलांतली निम्म्याहून जास्त माकडांनी फोडलेली. मी विचारलं, तुमच्यानंतर हे काम कोण करणार? त्यांचा मुलगा पुतण्यासोबत इंदूरला फॅब्रिकेशनच्या कामाला जातो.

कौल दरवर्षी माणूस मागतं. हा आकडा कोणत्याही मानकात नाही आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. २००१ च्या जनगणनेत देशातली साधारण ३३ टक्के घरं कौलारू होती, २०११ मध्ये २४ टक्के. ज्यांच्याकडे शाकारणारा माणूस आहे, माळा करायची तयारी आहे आणि ७ टनांचा सांगाडा परवडतो, त्यांनी कौलंच घालावीत. विकत घेताना एक कौल कोरडं तोलावं, रात्रंदिवस पाण्यात बुडवून पुन्हा तोलावं. अडीच किलोचं कौल तीन किलोंच्या वर गेलं तर ते २० टक्क्यांहून जास्त पाणी पितं; ती खेप परत करावी.

भावाकडे असा माणूस नाही आणि तो स्वतः आठवड्याचे पाच दिवस इंदूरला असतो. त्याला मी पांढऱ्या रंगाचा पत्रा सांगितला, खाली ५० मिलिमीटरचा थर, त्याखाली छत, आणि कडेच्या ओळींना स्क्रू दुप्पट. मेमध्ये त्या खोलीत दुपारी पंखा लावून बसता येईल.

मावशीला हे पटलं नाही. ती गप्प राहिली, आणि ते मला जास्त लागलं. मग पुढच्या ओसरीचा विषय निघाला. तिचं छप्पर वेगळं, १२ चौरस मीटरचं, वळचण सात फुटांवर. तिथलं फुटलेलं कौल स्टुलावर उभं राहून हाताने बदलता येतं आणि पावसात पागोळ्या दारासमोर पडतात. तिथे मंगलोरी कौलं बसतील. हिशेबाने १८० लागतात. २०० मागवली आहेत, वरची २० जिन्याखाली ठेवायला.